वादळ-पुरात हॅम स्टेशन चालू ठेवण्यासाठी विजेचा बंदोबस्त : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्याच्या किनारपट्टीवरच्या परवानाधारक हॅमसाठी (हौशी रेडिओ चालवणाऱ्यांसाठी) आणि परवान्याच्या तयारीत असलेल्यांसाठी आहे. घाटमाथ्यावर किंवा सांगली-कोल्हापूरच्या पूरपट्ट्यात राहणाऱ्यांनाही यातले बरेचसे उपयोगी पडेल. खारी हवा आणि माड तेवढे वगळून वाचावे.

मोबाइल आहे, इंटरनेट आहे. मग हॅम रेडिओची गरज कधी पडते?

टॉवर पडतो तेव्हाच मोबाइल बंद होतो असे नाही. बहुतेक वेळा टॉवर उभाच असतो, पण त्याची वीज गेलेली असते. टॉवरची बॅटरी काही तास टिकते, पुढे डिझेल जनरेटर लागतो आणि डिझेल पोचवायला रस्ता मोकळा लागतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगर भागात किनाऱ्याला धडकले तेव्हा विजेचे खांब, माड-पोफळी आणि त्यांच्याबरोबर खांबांवरून गेलेल्या केबल एकदमच आडव्या झाल्या. मंडणगड, दापोली, श्रीवर्धन, म्हसळा या तालुक्यांतल्या कित्येक गावांत वीज परत यायला आठवडे लागले. २२ जुलै २०२१ ला महाड आणि चिपळूणमध्ये पाणी भरले तेव्हाही माणसे माळ्यावर-गच्चीवर अडकलेली आणि हातातले फोन मुके अशीच अवस्था होती.

अशा पहिल्या दोन-तीन दिवसांत हॅमचे काम मर्यादित पण नेमके असते: तालुका आणि जिल्हा यांच्यात निरोप पोचवणे, कोणत्या गावाला बोट, औषध किंवा पाणी लागते ते कळवणे, आणि अडकलेल्या माणसांच्या खुशालीचे निरोप बाहेर काढणे. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर पोर्ट ब्लेअरहून हेच काम झाले. भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हॅम मोहिमेसाठी आधीच अंदमानात होते, त्यामुळे मुख्य भूमीशी संपर्क लगेच जोडता आला. किल्लारीच्या १९९३ च्या आणि भुजच्या २००१ च्या भूकंपातही हॅम मंडळींनी संपर्काचे काम केले होते.

परवान्याशिवाय चालते का?

नाही. परीक्षा दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी या वायरलेस परवाने देणाऱ्या शाखेमार्फत होते, अर्ज सरल संचार संकेतस्थळावरून करायचा असतो आणि किमान वय १२ वर्षे आहे. रिस्ट्रिक्टेड या खालच्या वर्गाचा कॉलसाइन (स्टेशनचे हवेवरचे नाव) व्हीयू३ ने सुरू होतो, जनरलचा व्हीयू२ ने. आपत्तीच्या कामाला रिस्ट्रिक्टेड परवाना पुरतो. प्रश्नपत्रिकेत सोप्या इलेक्ट्रॉनिक्सबरोबर नियमांवरही प्रश्न असतात आणि विद्यार्थी गडबडतात ते नियमांच्या भागातच. तो भाग पाठ करण्यापेक्षा समजून घ्यावा. परवाना हातात यायला वेळ लागतो, त्यामुळे मे महिन्यात अर्ज करून जूनच्या वादळासाठी तयार होता येत नाही.

ऑनलाइन स्वस्तात मिळणारा हँडसेट विकत घेतला म्हणजे तो वापरायची परवानगी मिळाली असे होत नाही. २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ई-व्यापार मंचांवरच्या वॉकी-टॉकी विक्रीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या त्या याच गोंधळामुळे.

परवाना येईपर्यंत कायदेशीर काय वापरता येईल?

तीन पर्याय आहेत. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचे कमी शक्तीचे वॉकी-टॉकी विनापरवाना चालतात. वाडीतल्या वाडीत, किंवा गच्चीवरून समोरच्या बांधापर्यंत त्यांचा उपयोग होतो. २७ मेगाहर्ट्झचा सिटिझन बँडही मोकळा आहे, पण त्याची उपकरणे आणि ऐकणारी माणसे दोन्ही कमी. तिसरा पर्याय ८६५ मेगाहर्ट्झ पट्ट्यातली लोरा उपकरणे, म्हणजे कमी शक्तीत छोटा मजकूर लांब पाठवणारे रेडिओ. मेशटॅस्टिकसारखी प्रणाली त्यांवर चालते आणि छोटे लेखी निरोप एका उपकरणाकडून दुसऱ्याकडे पुढे सरकत जातात. एखाद्या टेकडीवरच्या देवळाच्या कळसाजवळ सौर पॅनेलवर चालणारे एक उपकरण ठेवले तर खालच्या दोन-तीन वाड्या जोडल्या जातात. विकत घेताना भारताच्या पट्ट्याचेच घ्यावे. ४३३ किंवा ९१५ चे स्वस्त मिळाले तरी उपयोगाचे नाही.

उपग्रह फोन आणि उपग्रहावरून निरोप धाडणारी गिर्यारोहकांची छोटी उपकरणे भारतात परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत. दाबोळी विमानतळावर अशा उपकरणांपायी परदेशी प्रवासी अडकले आहेत. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांना हे आधीच सांगून ठेवावे.

कोकणात व्हीएचएफ हँडसेट पुरतो का?

गावापुरता पुरतो, जिल्ह्यापुरता पुरत नाही. व्हीएचएफ म्हणजे आखूड, जवळपास सरळ जाणाऱ्या लहरी. पाच वॅटचा हँडसेट डोंगराच्या आड गेला की संपला. खाडी, डोंगर, पुन्हा खाडी अशी इथली जमीन. त्यातच पूर्वेला सह्याद्रीची भिंत, त्यामुळे पुणे-साताऱ्याच्या रिपीटरची (सिग्नल पकडून पुढे पाठवणाऱ्या स्टेशनची) खाली तळकोकणात खात्री धरता येत नाही. रिपीटरलाही वीज लागते आणि त्याची बॅटरी किती चालेल हे तुमच्या हातात नसते. म्हणून व्हीएचएफवर सिम्प्लेक्सची, म्हणजे रिपीटरशिवाय थेट बोलण्याची, एक ठरलेली वारंवारता गटातल्या सगळ्यांच्या रेडिओत आणि कागदावरही हवी. १४५.५०० मेगाहर्ट्झवर पुकारायचे आणि पुढच्या बोलण्यासाठी बाजूला सरकायचे ही साधी पद्धत.

मार्च ते मे या काळात अरबी समुद्रावर डक्टिंग होते आणि व्हीएचएफ सिग्नल शेकडो किलोमीटर जातात. कधीकधी आखातातली स्टेशनेही ऐकू येतात. मजा येते, पण त्यावर आपत्तीचा आराखडा बांधू नये. पावसाची पहिली जोरदार सर आली की ते संपते.

जिल्ह्याबाहेर बोलायला एचएफ (३ ते ३० मेगाहर्ट्झच्या लांब लहरी) हवे, आणि तेही सरळ वर जाऊन खाली परतणारे. यालाच एनव्हीआयएस म्हणतात. कमी उंचीवर बांधलेल्या डायपोलमधून (मध्ये केबल जोडलेल्या दोन तारांच्या अँटेनातून) लहरी आकाशाकडे जातात, आयनोस्फिअर या वातावरणाच्या वरच्या थरावर आपटून ३० ते ४०० किलोमीटरच्या परिसरात उतरतात. मधला डोंगर कितीही उंच असला तरी आड येत नाही. दापोली-पुणे, कणकवली-कोल्हापूर, पणजी-रत्नागिरी हे संपर्क यात बसतात. दिवसा ४० मीटर बँड (७ मेगाहर्ट्झच्या आसपास) आणि रात्री उशिरापासून पहाटेपर्यंत ८० मीटर (३.५ च्या आसपास) हा नेहमीचा क्रम. आपल्या अक्षांशावर ४० मीटर संध्याकाळीही बराच वेळ साथ देतो. पावसाळ्यात ८० मीटरवर विजांचा खडखडाट इतका असतो की आधी ४० मीटरवर प्रयत्न करावा आणि तो मिटला तरच खाली उतरावे. आयएआरयू या हॅमच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या आपल्या विभागासाठीच्या आपत्कालीन वारंवारता ३.६०० आणि ७.११० मेगाहर्ट्झ आहेत. या दोन्हींच्या आसपास काम चालू असेल तर आधी ऐकावे, मग बोलावे.

४० मीटरचा डायपोल कसा करायचा?

१४२.५ भागिले वारंवारता मेगाहर्ट्झमध्ये, म्हणजे एकूण लांबी मीटरमध्ये. ७.१ साठी ती साधारण २०.०७ मीटर येते, म्हणजे प्रत्येक बाजूला १०.०३. कापताना मात्र प्रत्येक बाजू १०.४ मीटर ठेवावी. जमिनीजवळ बांधलेली तार, उलट्या व्हीचा आकार आणि प्लास्टिकचे आवरण या तिन्हींमुळे हिशोब थोडा हलतो, आणि लांब तार कापता येते, कापलेली तार पुन्हा जोडत बसावे लागते. अँटेना किती जुळला ते दाखवणाऱ्या एसडब्ल्यूआर मीटरवर बघत दोन्ही टोकांकडून सारखे पाच-पाच सेंटिमीटर कमी करत जावे.

मध्यबिंदू ४ ते ७ मीटर उंचीवर पुरतो. उंच टॉवर लागत नाही हीच याची गंमत. पोर्चच्या पाइपाला मध्य बांधून टोके कुंपणाकडे उतरवली तरी काम होते. मध्यबिंदूला सहा मीटर कोॲक्सचे (अँटेनाच्या केबलचे) १५ ते २० सेंटिमीटर व्यासाचे आठ-दहा वेढे एकावर एक न चढवता शेजारी शेजारी गुंडाळून चोक करावा. नाहीतर कोॲक्सच्या आवरणावरून आरएफ (रेडिओ लहरींची वीज) घरात येतो आणि माइक हाताला चटके देतो.

टोके माडाला बांधायची असतील तर ताठ बांधू नयेत. वाऱ्यात माड दीड-दोन मीटर हलतो आणि तार तुटते. दोरी कप्पीवरून घेऊन खाली पाण्याने भरलेली पाच लिटरची बाटली टांगावी, म्हणजे तार आपोआप सैल-ताठ होत राहते. निसर्गमध्ये झाडेच उन्मळली, त्यामुळे झाडावरचा अँटेना एकमेव असू नये. तसाच दुसरा डायपोल कोॲक्ससकट गुंडाळून गोणपाटात घरात ठेवावा. लाल इशारा आला की बाहेरचा उतरवावा, वादळ ओसरल्यावर दुसरा चढवावा. वर चढवताना तुटक्या विजेच्या तारा आधी शोधाव्यात. लाईट नाही म्हणून तारेत वीज नाही असे धरू नये.

कोॲक्स कोणती?

४० मीटरवर साधी आरजी-५८ चालते. १४५ मेगाहर्ट्झवर तिचा तोटा १०० मीटरला सुमारे २० डेसिबल आहे, म्हणजे २० मीटरच्या केबलमध्ये ४ डेसिबल गेले आणि ५० वॅटमधले अँटेनापर्यंत जेमतेम २० वॅट पोचले. व्हीएचएफसाठी आरजी-२१३ किंवा त्याहून चांगली घ्यावी, किंवा केबलच आखूड करावी. किनाऱ्यावर खरा शत्रू मीठ आहे. कनेक्टरवर सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप खेचून गुंडाळा, त्यावर साधी पीव्हीसी टेप, आणि केबल घरात शिरण्याआधी खाली झोळ द्या, म्हणजे पाणी झोळातून टपकेल. नुसती पीव्हीसी टेप एका पावसाळ्यात सुटते. पाणी शिरलेली कोॲक्स सुकवून परत वापरायचा मोह टाळावा. आतली जाळी काळी पडलेली असते.

रेडिओला नेमकी किती वीज लागते?

एचएफचा नेहमीचा १०० वॅटचा संच ऐकताना सुमारे १ अँपिअर खातो. एसएसबीवर (एचएफवर बोलण्याच्या नेहमीच्या पद्धतीत) बोलताना शिखरावर २० ते २२ अँपिअर घेतो, पण आवाजाच्या चढउतारामुळे सरासरी १० च्या आसपास येते. व्हीएचएफचा ५० वॅटचा मोबाइल संच ऐकताना अर्धा अँपिअर, पूर्ण शक्तीवर १० ते १२, आणि २५ वॅटवर सुमारे ६. तुमच्या संचाचे आकडे पुस्तिकेत असतील, पण डीसी क्लॅम्प मीटरने स्वतः मोजलेले जास्त खरे.

आता हिशोब. २४ तास चालू, त्यातला दहावा भाग बोलणे, असे धरू. एचएफला २१.६ तास गुणिले १, म्हणजे २१.६ अँपिअर-तास ऐकण्यात, आणि २.४ तास गुणिले १०, म्हणजे २४ बोलण्यात. दिवसाचे ४५ च्या पुढे. व्हीएचएफला २५ वॅटवर १०.८ अधिक १४.४, म्हणजे २५.

आता हाच संच दर तासाला फक्त पहिली दहा मिनिटे चालू ठेवायचे ठरवले, म्हणजे दिवसाला चारच तास, तर व्हीएचएफचा खर्च ४.२ अँपिअर-तासांवर येतो आणि एचएफचा ७.६ वर. एका फटक्यात सहापट बचत. म्हणून बॅटरी मोठी करायच्या आधी गटात वेळापत्रक ठरवावे: प्रत्येक तासाच्या ठोक्याला दहा मिनिटे सगळे ऐकणार, जिल्ह्याच्या ठिकाणचे नियंत्रक स्टेशन मात्र अखंड चालू. त्या नियंत्रकाकडेच मोठी बॅटरी आणि जनरेटर हवा. इतरांनी घड्याळ जपावे.

शक्ती कमी केली तर किती वाचते?

वाटते त्यापेक्षा कमी. १०० वॅटवरून २५ वर आलो तर पलीकडच्या माणसाला सिग्नल एका एस-युनिटने (सिग्नल मीटरवरच्या एका खुणेने) खाली दिसतो, पण विजेचा खर्च चौथाई होत नाही, निम्म्याच्या आसपास येतो. कारण संचाच्या अंतिम टप्प्याची कार्यक्षमता कमी शक्तीवर ढासळते. तरीही ही अदलाबदल फायद्याची आहे: ऐकू येत असेल तोवर शक्ती उतरवत जावे.

घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी वापरता येईल का?

येईल, आणि कोकणातल्या बहुतेक घरांत तीच सर्वात मोठी तयार बॅटरी असते. पण इन्व्हर्टरच्या प्लगमध्ये रेडिओचा पॉवर सप्लाय लावणे हा वाईट मार्ग. १२ व्होल्टचे २३० करायचे आणि पुन्हा १३.८ करायचे, या दोन्ही टप्प्यांत वीज वाया जाते. शिवाय इन्व्हर्टर काही न लावताही स्वतःसाठी काही वॅट घेतोच, आणि रेडिओत घरघर येते ती वेगळी. त्याऐवजी बॅटरीच्या टोकांवरून थेट १२ व्होल्ट घ्यावेत. बहुतेक संच १३.८ व्होल्टच्या १५ टक्के वर-खाली चालतात, म्हणजे ११.७ ते १५.८.

आधी खात्री करा की इन्व्हर्टर एकाच बॅटरीचा आहे. दोन बॅटऱ्यांचा २४ व्होल्टचा असेल तर त्यातल्या एकीवरून रेडिओ लावू नये. ती बॅटरी खोल उतरते, दुसरी भरलेली राहते, आणि चार्जर दोघींना सारखे समजून एकीला जास्त भरतो. पाणी उकळते, काही महिन्यांत जोडी खलास.

१५० अँपिअर-तासाची ट्यूब्युलर बॅटरी म्हणजे २० तासांत ७.५ अँपिअरने उतरवली तर १५०. निम्म्याखाली नेऊ नये, म्हणजे हातात ७५. घरचा पंखा आणि दिवे त्याच बॅटरीवर असतील तर ते रात्रीतच एवढे खातात. वादळाच्या रात्री रेडिओचा वाटा राखून ठेवायचा असेल तर घरच्यांशी आधीच ठरवून पंखा बंद करावा लागतो. या वाटाघाटीला कोणताही तांत्रिक उपाय नाही.

मे संपायच्या आत डिस्टिल्ड वॉटर भरा, हायड्रोमीटरने प्रत्येक कप्पा मोजा. पूर्ण भरलेल्या ट्यूब्युलरचे विशिष्ट गुरुत्व १.२४० च्या आसपास असते. एखादा कप्पा इतरांहून ०.०३० ने कमी असेल तर ती बॅटरी भार पडताच बसेल, व्होल्टमीटर कितीही चांगले दाखवो. स्वस्थ पडलेल्या बॅटरीवर १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ च्या खाली निम्मी संपलेली. चार्जिंग थांबवून काही तास झाल्यावरच मोजावे, नाहीतर आकडा फसवा येतो.

लिथियम घ्यावी का?

नवी घ्यायची असेल तर लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी, घ्यावी. १०० अँपिअर-तासाचे वजन ११-१२ किलो, १५० ची ट्यूब्युलर ५० किलोच्या पुढे. पुराचे पाणी अंगणात आले तर माळ्यावर कोणती चढवता येईल ते उघड आहे. ८० टक्के वापरता येते, व्होल्टेज शेवटपर्यंत १३ च्या आसपास टिकते, म्हणून संच पूर्ण शक्ती देतो. चार्जिंग १४.४ ते १४.६ पर्यंत, कायम जोडून ठेवायची तर १३.५-१३.६.

चुका तीन ठिकाणी होतात. एक, शिशाच्या बॅटरीचा डीसल्फेशन किंवा इक्वलायझेशनवाला चार्जर लावणे. १५ व्होल्टच्या वर गेले की बीएमएस (बॅटरीतले संरक्षक सर्किट) वीज तोडतो, किंवा सेल खराब होतात. दोन, व्होल्टेज बघून शिल्लक ओळखायचा प्रयत्न. एलएफपीचा आलेख इतका सपाट आहे की १३.२ व्होल्ट म्हणजे ७० टक्के की ४० हे कळत नाही. शंट (प्रवाह मोजणारा भाग) असलेला अँपिअर-तास मीटर लावावा. तीन, बीएमएसची क्षमता न पाहणे. २० अँपिअरच्या बीएमएसची स्वस्त बॅटरी १०० वॅटच्या संचाने माइक दाबताच बंद पडते आणि माणूस रेडिओत दोष शोधत बसतो. किमान ३० अँपिअरचा सलग भार झेलणारी हवी.

गावात दुसरे काही मिळाले नाही तर?

फवारणी पंपाची १२ व्होल्ट ८ किंवा १२ अँपिअर-तासाची बॅटरी बहुतेक आंबा-काजू बागायतदाराकडे असते. व्हीएचएफ संच ५ ते १० वॅटवर ठेवला तर तिच्यावर वेळापत्रकाने एक-दोन दिवस निघतात. ५० वॅटवर दाबले तर १० अँपिअर ओढल्याने ती लगेच कोसळते. कार किंवा ट्रॅक्टरची बॅटरीही चालते, पण ती खोल उतरण्यासाठी बनवलेली नसते. एक तास बोलणे झाले की इंजिन चालू करावे, नाहीतर सकाळी गाडी सुरू होणार नाही.

तार आणि फ्यूज किती जाडीचे?

सर्वात जास्त तक्रारी इथेच: "बॅटरी भरलेली आहे, ऐकू येते, बोलायला गेलो की संच बंद पडतो." बॅटरी तीन मीटरवर असेल तर वीज जाऊन-येऊन सहा मीटर प्रवास करते. दीड चौरस मिलिमीटरच्या घरगुती वायरमध्ये २० अँपिअरला दीड व्होल्टच्या वर गळतात, म्हणजे १२.४ चे संचाशी १०.८ उरतात. ४ चौरस मिलिमीटरमध्ये गळती ०.६ व्होल्ट, ६ मध्ये ०.४. तीन मीटरपर्यंत ६ चौरस मिलिमीटरची लवचिक तांब्याची वायर घ्यावी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असलेली स्वस्त वायर ओळखून टाळावी: टोक सोलून चाकूने खरवडले की आत पांढरी दिसते.

फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून १५ सेंटिमीटरच्या आत, १०० वॅटच्या संचाला २५ किंवा ३० अँपिअरचा, मोटारीचा ब्लेड फ्यूज जाड होल्डरमध्ये. फ्यूज वायरला वाचवतो, रेडिओला नाही. म्हणून तो संचाशी लावून उपयोग नाही: मधल्या तीन मीटरांत उंदराने वायर कुरतडली तर आग लागायला ती तेवढी जागा पुरते. थिंबल दाबून बसवावे, नुसते पिळून स्क्रूखाली धरू नये. गटातल्या सगळ्यांनी एकच कनेक्टर ठरवावा. अँडरसन पॉवरपोल चांगला, कारण त्यात नर-मादी नाही, कुणाचीही बॅटरी कुणाच्याही संचाला लागते. लाल-काळ्याची मांडणी मात्र सगळ्यांची एकसारखी हवी.

सौर पॅनेलवर पावसाळ्यात विश्वास ठेवावा का?

अर्धवट. उन्हाळ्यात १०० वॅटचे पॅनेल दिवसाला ३० अँपिअर-तास सहज भरते. जुलैच्या झडीत त्याच पॅनेलवरून दहावा-पाचवा हिस्सा आला तरी समाधान मानावे. वेळापत्रकाने चालवलेल्या व्हीएचएफ संचाला तेवढे पुरते, अखंड चालणाऱ्या नियंत्रक स्टेशनला मुळीच नाही. कोकणात म्हणून पॅनेल दुप्पट घ्यावे, बॅटरी नव्हे: ढगाळ दिवसात मिळेल तेवढे ओढायला क्षेत्रफळ लागते.

चार्ज कंट्रोलर (पॅनेल आणि बॅटरीच्या मधले यंत्र) स्वस्त एमपीपीटी प्रकारचा असेल तर ४० मीटरवर एस-७ पर्यंत खरखर चढते. एनव्हीआयएसचे कमकुवत सिग्नल त्यात बुडतात. कंट्रोलरच्या चारही तारांवर ३१ क्रमांकाच्या फेराइटचे (खरखर शोषणाऱ्या चुंबकीय पदार्थाचे) कडे घालून प्रत्येकाला पाच-सहा वेढे द्यावेत. तरी शांत होत नसेल तर ऐकण्याच्या दहा मिनिटांत पॅनेलचा स्विच बंद ठेवावा. साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर थोडी वीज सोडतो पण तुलनेने शांत असतो, लहान स्टेशनला तोच बरा. वादळापूर्वी पॅनेल पत्र्यावरून उतरवून घरात घ्यावे.

जनरेटर?

नियंत्रक स्टेशनकडे एक असावा, लहान पेट्रोल इन्व्हर्टर जनरेटर पुरतो. दिवसातून दोन वेळा तास-दोन तास चालवून बॅटऱ्या भरायच्या, मधल्या वेळात बंद. इथेनॉलमिश्रित पेट्रोल आपल्या दमट हवेतले पाणी ओढते, ते खाली साचते आणि कार्ब्युरेटर गंजतो. पेट्रोल दोन महिन्यांहून जुने ठेवू नये, ठेवायच्या आधी कार्ब्युरेटर रिकामा करावा, आणि महिन्यातून एकदा भार लावून वीस मिनिटे चालवावे.

जनरेटर पडवीत किंवा बंद शेडमध्ये कधीच नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. खिडकी-दारापासून सहा मीटर दूर, वर पत्र्याचा आडोसा. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून तो घरच्या सॉकेटमध्ये लावायची पद्धत काही गावांत आहे. त्यामुळे वीज उलटी डीपीपर्यंत जाते आणि खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव जातो. चेंजओव्हर स्विच बसवा, किंवा फक्त बॅटरी चार्जर थेट जनरेटरला लावा.

विजा चमकत असताना काय करायचे?

बंद करायचे. एप्रिल-मे-जून आणि ऑक्टोबरमध्ये गडगडाट ऐकू आला की कोॲक्स संचातून काढून घराबाहेर टाकावी, पॉवर वायरही सोडवावी. लाइटनिंग अरेस्टर आणि अर्थिंग हवेच, पण थेट पडलेल्या विजेपुढे ते हमी देत नाहीत. अडकलेल्यांसाठी बोलत असलात तरी हाच नियम.

निरोप कसा घ्यायचा-द्यायचा?

वहीत रकाने आखून: क्रमांक, प्राधान्य, कोणाकडून, कोणाला, वेळ, मजकूर. भारतीय वेळ लिहायची की यूटीसी (जागतिक वेळ) हे गटाने एकदाच ठरवावे. साडेपाच तासांची चूक बोटीच्या मागणीत महागात पडते. मजकूर २५ शब्दांत बसवावा, आकडे एकेक अंक वाचावेत, गावाचे नाव तालुक्यासकट सांगावे. वाकवली, वाकड, वाडा असली नावे कमजोर सिग्नलवर एकमेकांत मिसळतात. मराठीत बोलायला हरकत नाही, कॉलसाइन मात्र आंतरराष्ट्रीय उच्चारांनीच. हॅम बँडवर सांकेतिक भाषा चालत नाही, सगळे उघड ऐकू जाते. म्हणून रुग्णाचे नाव-पत्ता टाळून "वय ६०, डायलिसिसचा रुग्ण, मंदिराजवळ" एवढे पुरते ठेवावे.

दुबई-मस्कतमधल्या मुलांना खुशाली कळवता येईल का?

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार तिसऱ्या व्यक्तीचे निरोप परदेशात फक्त आपत्कालात किंवा मदतकार्यासाठी पाठवता येतात. तसा काळ असेल तर चालेल. व्यवहारात सोपा मार्ग वेगळा: निरोप एचएफवर पुणे-मुंबईच्या स्टेशनला द्यावा, तिथे नेटवर्क चालू असते, पुढचा फोन ते करतात. दहा कुटुंबांची यादी एकदम दिली तर हवेवरचा वेळ आणि बॅटरी दोन्ही वाचते.

तहसीलदार कार्यालय आम्हाला कसे ओळखणार?

वादळाच्या दिवशी ओळख होत नाही. एप्रिलमध्ये जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे लेखी पत्र द्यावे: सदस्यांचे कॉलसाइन, परवान्याच्या प्रती, गाव, साधने आणि बॅटरीवर किती तास चालेल तो आकडा. शेवटचा आकडा दिलेले पत्र अधिकारी लक्षात ठेवतात. पावसाळ्यापूर्वीच्या बैठकीला एकाने हजर राहावे आणि नियंत्रण कक्षात अँटेनाची केबल आत आणायला एक खिडकी आणि छपरावर दोन हुक आधीच मागून घ्यावेत. जिल्ह्याचा नियंत्रण कक्ष फोन चालू असेपर्यंत १०७७ वर मिळतो.

सराव कधी आणि कसा?

महिन्यातून एकदा, रविवारी सकाळी, मुख्य स्विच बंद करून. घरातली वीज चालू असताना केलेला सराव बॅटरीची परीक्षा घेत नाही. चार तास वेळापत्रकाने चालवा, सुरुवातीचे आणि शेवटचे व्होल्टेज, वापरलेले अँपिअर-तास वहीत लिहा. आकडा मागच्या महिन्यापेक्षा बराच वाढला असेल तर कनेक्टरला हात लावून पाहा. गरम लागणारा सांधाच बहुधा दोषी असतो. पावसाळ्याच्या तोंडावर एक सराव सुटा डायपोल गोणपाटातून काढून, अंधारात, टॉर्चच्या उजेडात चढवून करावा. दोरी कमी पडते, इन्सुलेटर सापडत नाही आणि पीएल-२५९ या केबल-कनेक्टरचा ॲडॅप्टर दुसऱ्याच पिशवीत असतो हे त्या रात्रीच कळते.